दोन केसपेपर

१९५३ साली जालन्याचे मनोरुग्णालय जालन्यातून गेले. निजामाच्या राजवटीत हैदराबाद संस्थानातल्या मनोरुग्णांना ठेवण्याची सोय मराठवाड्यातल्या या गावी होती. संस्थान विलीन झाल्यावर ते इस्पितळ हैदराबादला, एर्रागड्ड्याला हलवले गेले आणि तिथे ते आजही चालू आहे. त्यानंतर चारच वर्षांनी, १९५७ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या म्युन्स्टरलिंगेन इथले डॉ. रोलांड कून यांनी इमिप्रामीन या औषधाने खोल खिन्नतेत बुडालेले रुग्ण सावरतात, हे जाहीर केले. नैराश्यावर गोळी आली ती अशी. मधल्या काळात, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. या नव्या राज्याच्या मराठी भागातली मनोरुग्णालये नागपूर, ठाणे, येरवडा आणि रत्नागिरी इथे होती. मराठवाड्याच्या वाट्याला एकही नव्हते. मनाच्या आजारावरचा उपचार भिंतींच्या आतून बाहेर पडून गोळीच्या पाकिटात आला, नेमक्या त्याच सुमारास जालना या बाबतीत रिकाम्या हाताचे झाले होते. डोळ्यांच्या उपचाराची गोष्ट मात्र याच्या उलट घडली. ती व्यवस्था इथे शिबिरांतून, दानातून आणि सरकारी योजनांतून वाढत गेली. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांची काळजी आणि त्याच्या मनाची काळजी अशा वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांनी, वेगवेगळ्या पैशांतून उभी राहिली आणि एकाच माणसाचे दोन केसपेपर झाले. नैराश्यावरच्या गोळ्यांचे वृद्धांच्या डोळ्यांवर होणारे परिणाम हातातून निसटतात, ते या दोन कागदांच्या मधल्या जागेत. त्याचे खापर वैद्यकशास्त्राच्या अज्ञानावर फोडता येत नाही, कारण शास्त्राला हे परिणाम फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. ही फट इतिहासाने पाडली आहे आणि ती बुजवायची रीतही याच जिल्ह्याला परिचित असलेल्या नेत्रशिबिरांच्या इतिहासात आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी डोळ्यांचा रस्ता पाहू. मोतीबिंदू सुईने आत ढकलून देणारे फिरते वैदू भारतभर होते आणि विसाव्या शतकातही त्यांचा धंदा बंद पडला नव्हता. मद्रासचे नेत्रशल्यविशारद रॉबर्ट हेन्री एलियट यांनी १९१७ मध्ये या शस्त्रक्रियेवर एक अख्खे पुस्तक लिहिले, ते या वैदूंच्या हातून बिघडलेले डोळे समोर येत राहिले म्हणून. पाश्चात्त्य वैद्यक जालन्यात पोचले ते हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या छावणीमागोमाग आणि स्कॉटिश मिशनच्या मार्गाने; ख्रिस्ती धर्मप्रसारक नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेलची वसाहत उभी केली ती याच मिशनच्या आधाराने. पण खेड्यातल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यापर्यंत खरा हात पोचला तो नेत्रशिबिरांमुळे. १९७६ मध्ये भारताने अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. अशी देशव्यापी योजना काढणाऱ्या पहिल्या देशांत आपली गणना होते. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या कर्जातून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा मोठा प्रकल्प ७ राज्यांत चालला, त्यात महाराष्ट्र होता. त्याच काळात शाळेच्या वर्गात किंवा मांडवात शस्त्रक्रिया करायची पद्धत मागे पडली. तपासणी गावात करायची आणि शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला गाडीत घालून रुग्णालयात न्यायचे, अशी घडी बसली. जालन्यात देऊळगावराजा रस्त्यावरचे श्री गणपती नेत्रालय हे नाव आज मराठवाड्याच्या आणि लगतच्या विदर्भाच्या खेड्यांत घरोघरी ठाऊक आहे. बियाण्यांच्या उद्योगामुळे जालन्याची ओळख देशभर करून देणारे बद्रीनारायण बारवाले यांच्या दातृत्वाशी ते जोडलेले आहे. एका जिल्ह्याच्या ठिकाणी इतके सुसज्ज नेत्रालय असणे ही साधी गोष्ट नव्हे.

या शिबिरांच्या कागदाकडे नीट पाहिले पाहिजे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. सुरुवातीच्या शिबिरांना एकच प्रश्न पडलेला असे: मोतीबिंदू पिकला आहे की नाही? हळूहळू त्या कागदावर रकाने वाढले. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रक्तदाब चढून डोळ्यात रक्तस्राव होतो हे कळले, म्हणून रक्तदाब आला. जखमेत पू होतो म्हणून साखर आली. अश्रुपिशवीत घाण साठलेली असली तर डोळा नासतो म्हणून नळी धुऊन पाहणे आले. डोळ्यातला दाब मोजणे आले. यातली साखरेची नोंद मोलाची ठरली. खेड्यातल्या कितीतरी माणसांना आपल्याला मधुमेह आहे हे पहिल्यांदा कळते ते डोळ्यांच्या शिबिरात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी साखर विचारायला सुरुवात केली ती स्वतःच्या शस्त्रक्रियेच्या भल्यासाठी, पण त्यातून शरीराच्या दुसऱ्याच आजाराला वाट मिळाली. म्हणजे शिबिराचा कागद हा कधीच फक्त डोळ्याचा कागद राहिलेला नाही.

मनाचा रस्ता उशिरा आला आणि अरुंद आला. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये जाहीर झाला. जालना स्वतंत्र जिल्हा झाला त्याला तेव्हा जेमतेम एक वर्ष होत होते. १ मे १९८१ पर्यंत जालना औरंगाबाद जिल्ह्यातच होते आणि गंभीर आजारी माणसाची वाट औरंगाबादच्या घाटी रुग्णालयाकडेच जात होती. १९८५ नंतर कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना मानसिक आजार ओळखायला शिकवण्याचा प्रयोग केला आणि त्यावरून १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशातल्या ४ जिल्ह्यांत सुरू झाला. तो महाराष्ट्रात पसरायला आणखी काळ गेला. मराठवाड्यात मनाच्या आरोग्याकडे सरकारचे लक्ष जोरात वेधले गेले ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प आला. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत आशाताईंनी घरोघर जाऊन ठरलेले प्रश्न विचारायचे, खचलेला माणूस दिसला की त्याला समुपदेशनाकडे आणि उपचाराकडे पाठवायचे, अशी ती योजना होती. त्या १४ जिल्ह्यांत जालना आहे. या प्रश्नांचा रोख साहजिकच जीव वाचवण्यावर होता: झोप लागते का, जेवण जाते का, जगणे नकोसे वाटते का. त्यातून तयार होणाऱ्या कागदावर डोळ्यांसाठी रकाना नव्हता, आणि त्या घाईच्या काळात तो असावा असे कोणाला सुचले नाही याबद्दल कोणाला दोष देता येत नाही.

पण ज्यांच्यासाठी हा रस्ता बांधला त्यांच्यात म्हातारी माणसे किती आहेत, हे आता नीट कळले आहे. २०१७-१८ मध्ये देशभर झालेल्या लासी या वृद्धांच्या पाहणीत ६० वर्षांवरच्या ८.३ टक्के लोकांत मोठ्या नैराश्याची लक्षणे आढळली. स्वतःहून 'मला नैराश्याचे निदान झाले आहे' असे सांगणारे मात्र ०.८ टक्के होते. दहातल्या नऊ जणांना आपल्या दुखण्याचे नाव माहीत नव्हते. आणि दुसऱ्या बाजूला, २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय दृष्टिदोष पाहणीत ५० वर्षांवरच्यांमधल्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण न काढलेला मोतीबिंदू हेच निघाले, ६६ टक्क्यांहून अधिक. भोकरदन, मंठा किंवा घनसावंगी तालुक्यातल्या खेड्यात ही दोन दुखणी वेगवेगळ्या माणसांना वाटून दिलेली नसतात. दिसेनासे झाले की म्हातारा घराबाहेर पडत नाही, पारावर जात नाही, पोथी हातात घेत नाही आणि मन खचते. खचलेल्या मनाने शिबिराला जायचा उत्साह राहत नाही. मग त्याला गोळी सुरू होते, आणि ती गोळी पुन्हा डोळ्यापाशी येते.

गोळी डोळ्यापाशी कशी येते हे समजायला जालन्याच्या गायरानावर उगवणारा धोतरा पुरेसा आहे. महादेवाला वाहतात तोच. शेतात धोतरा उपटताना त्याचा रस हाताला लागून तो हात डोळ्याला लागला, तर त्या एका डोळ्याची बाहुली विस्फारते, उजेड सहन होत नाही आणि जवळचे अक्षर पुसट दिसते. धोतऱ्यात ॲट्रोपीनच्या जातीची द्रव्ये आहेत. शरीरातल्या ज्या मज्जातंतूंच्या निरोपावर बाहुली आकुंचन पावते, लाळ सुटते आणि अश्रू येतात, तो निरोपच ही द्रव्ये अडवतात. इमिप्रामीन आणि त्याच्या पाठोपाठ १९६१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ॲमिट्रिप्टिलीन ही औषधे मेंदूत आपले काम करता करता हाच निरोप थोडासा अडवतात. तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, लघवीला अडथळा आणि डोळ्यापुढे धूसरपणा, ही सगळी त्याचीच रूपे. आता काळाचा क्रम पाहा. ॲट्रोपीन वनस्पतीतून वेगळे काढले गेले ते १८३० च्या दशकात. बर्लिनच्या आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांनी काचबिंदूच्या झटक्यावर बुबुळाच्या पडद्याचा तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया १८५७ मध्ये मांडली, आणि ॲट्रोपीनचा थेंब काही डोळ्यांत असा झटका आणू शकतो हे नेत्रवैद्यांना एकोणिसाव्या शतकातच कळून चुकले. म्हणजे नैराश्याची पहिली गोळी निघण्याच्या कित्येक दशके आधी तिच्या डोळ्यावरच्या धोक्याचे ज्ञान तयार होते. फक्त ते डोळ्यांच्या विभागात होते.

ते ज्ञान गोळीच्या पाकिटापर्यंत आले, पण वाकडे होऊन आले. माहितीपत्रकात ओळ छापली गेली: काचबिंदू असल्यास देऊ नये. ही ओळ चुकीच्या माणसाला उद्देशून आहे, असे मला ठामपणे वाटते. काचबिंदू दोन जातींचा. एकात डोळ्यातले पाणी बाहेर जाण्याचा कोन उघडा असतो, पण पुढची चाळणी तुंबते. दुसऱ्यात कोनच अरुंद असतो आणि बाहुली मोठी झाली की बुबुळाच्या पडद्याची कड दुमडून तो बंद होतो. गोळीचा धोका मुख्यतः या दुसऱ्या जातीला. पण कोन अरुंद असलेल्या बहुतेकांना काचबिंदू 'झालेला' नसतो. त्यांना काहीही त्रास नसतो, म्हणून ते डॉक्टरांना 'नाही' असेच सांगतात आणि पत्रकातली ओळ त्यांना लागू होत नाही. उलट ज्यांना उघड्या कोनाचा काचबिंदू आहे आणि थेंब चालू आहेत, किंवा ज्यांच्या पडद्याला लेझरने भोक पाडून वाट करून दिली आहे, ते 'हो' म्हणतात, आणि त्यांना उगाच औषध नाकारले जाते. खरा धोका कोणाला, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना ठाऊक आहे: ज्यांचा डोळा आखूड आहे, ज्यांना लांबचाही अधिक (प्लस) नंबर आहे, स्त्रिया, साठीपुढची माणसे, आणि विशेषतः ज्यांचा मोतीबिंदू फुगून पडद्याला पुढे ढकलतो आहे अशी. भारतात या जातीच्या डोळ्यांचे प्रमाण युरोपपेक्षा अधिक आहे, हे दक्षिण भारतातल्या पाहण्यांनी दाखवले आहे. नागपूरजवळच्या खेड्यांतून ४,७११ प्रौढांची तपासणी करणाऱ्या मध्य भारतातल्या नेत्र आणि वैद्यकीय पाहणीत तर डोळ्यांबरोबर नैराश्याचीही चौकशी झाली. एकाच बैठकीत दोन्ही गोष्टी विचारता येतात याचे ते महाराष्ट्रातलेच उदाहरण. इथे एक सुखद गोष्टही नोंदवली पाहिजे. मोतीबिंदू काढून पातळ कृत्रिम भिंग बसवले की पडदा मागे सरकतो आणि कोन मोकळा होतो. जालन्याच्या शिबिरांनी हजारो म्हाताऱ्यांना दृष्टी दिली, तेव्हा नकळत त्यांना या धोक्यापासूनही बरेच दूर नेले. उरतात ते ज्यांचा शस्त्रक्रियेसाठी नंबर अजून लागलेला नाही.

झटका येतो तेव्हा तो डोळ्याचा वाटत नाही, हा त्यातला घातक भाग. बहुधा संध्याकाळी किंवा रात्री, अंधुक उजेडात बाहुली आधीच मोठी असताना, एका बाजूचे डोके फुटल्यासारखे दुखू लागते. उलट्या होतात. दिव्याभोवती रंगीत कडी दिसते, डोळा लाल होतो, नजर धुरकटते. खेड्यात उलटी आणि डोकेदुखी म्हणजे पित्त. पित्ताची गोळी, मग सलाइन, आणि डोळ्याकडे लक्ष जाते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. डोळ्याचा दाब तोवर नस दाबून टाकतो आणि गेलेली नजर परत येत नाही. वेळेत ओळखले तर दाब उतरवणारी गोळी, बाहुली आकुंचित करणारे थेंब आणि नंतर लेझर, एवढ्याने डोळा वाचतो, आणि दुसऱ्या डोळ्यालाही आधीच लेझर करून ठेवता येते. यातला संशय घेण्यासाठी लागणारे साधन कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात असते: टॉर्च. खोलीत थोडा अंधार करायचा. टॉर्च कानशिलाच्या बाजूने, बुबुळाच्या पातळीत आडवी धरायची. डोळ्याचा पुढचा कप्पा खोल असेल तर उजेड सरळ नाकाच्या बाजूपर्यंत जातो आणि बाहुलीभोवतीचा पडदा सगळाच उजळतो. पडदा पुढे फुगलेला असेल तर नाकाकडच्या अर्ध्यावर सावली पडते. सावली दिसली की त्या माणसाला स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवायचे आणि तिथे आरशाच्या भिंगाने कोन पाहून निकाल लावायचा. बाहुली मोठी करण्याचे थेंब घालण्यापूर्वी नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याने कोनाचा असाच अंदाज घेणे अपेक्षित असते. थेंबाचा परिणाम काही तासांचा असतो; गोळी महिनोन् महिने चालते. थेंबाआधी जी काळजी घ्यायची तीच गोळीआधी घ्यायला कोणत्याही नव्या शास्त्राची गरज नाही.

झटका हे टोक झाले. रोजचा त्रास वेगळा आणि कितीतरी अधिक जणांना होणारा असतो: डोळे कोरडे पडणे. वयाने अश्रू आधीच कमी झालेले, मराठवाड्याचा कोरडा उन्हाळा, धुरळा, चुलीचा धूर आणि त्यावर ही गोळी. डोळ्यात खडे रुतल्यासारखे वाटते आणि चमत्कारिक म्हणजे मधूनच पाणी वाहते, म्हणून कोरडेपणा कोणाच्या लक्षात येत नाही. धूसरपणाबाबत एक बारकावा डॉक्टरांकडूनही निसटतो. तरुण माणसाला या गोळीने जवळचे दिसत नाही, कारण भिंगाची जवळ-लांब होण्याची ताकद मंदावते. साठीच्या माणसात ती ताकद वयानेच जवळजवळ संपलेली असते, आणि कृत्रिम भिंग बसवलेल्या डोळ्यात तर ती नसतेच. त्यामुळे म्हाताऱ्याचा नवा धूसरपणा 'गोळीने होतो असे' म्हणून सोडून देणे चूक आहे. त्याच्या मागे कोरडी पडलेली बुबुळाची कातडी असेल, वाढलेला मोतीबिंदू असेल, भिंगामागे आलेली जाळी असेल किंवा मधुमेहाने सुजलेले दृष्टिपटल असेल. कोरडेपणाला कृत्रिम अश्रूंचे थेंब लागू पडतात, जाळीला लेझर, मोतीबिंदूला शस्त्रक्रिया. आणि गोळी नुकतीच सुरू झाली असताना घाईने नव्या नंबरचा चष्मा करून घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे. औषध आणि मात्रा स्थिरावल्यावर नंबर काढावा.

या सगळ्यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा, की कोन बंद होण्याचा झटका विरळा आहे; त्याची भीती घातली तर म्हातारी माणसे गोळीच टाकून देतील, आणि जिथे आत्महत्यांचे सावट आहे त्या जिल्ह्यात डोळ्यापायी जीव धोक्यात घालणे शहाणपणाचे नाही. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, इतका की माझा युक्तिवाद त्यावरच उभा आहे. आज भीती घालते ती पत्रकातली ती ढोबळ ओळच. काचबिंदूचे नाव ऐकताच गोळी नाकारणे आणि डोळ्यापुढे धूसर दिसू लागले की रुग्णाने परस्पर गोळी बंद करणे, हे दोन्ही दोन केसपेपरांमुळे घडते. कोन पाहिलेला असेल तर डॉक्टर निर्धास्तपणे गोळी देऊ शकतो. कोन अरुंद निघाला तर लेझर करून मग तीच गोळी देता येते, किंवा डोळ्याला कमी त्रास देणारे दुसरे औषध निवडता येते. तपासणीने उपचाराचा रस्ता मोकळा होतो. आणि मानसोपचाराची गोळी एकाएकी थांबवली तर चक्कर, बेचैनी, झोप उडणे आणि आजार उलटणे हे धोके असतात, हे सांगायची जागाही हीच तपासणी.

दुसरा आक्षेप असा की ही जुन्या औषधांची गोष्ट झाली. १९८७ मध्ये फ्लुओक्सेटीन आले आणि त्या जातीच्या नव्या गोळ्यांनी डोळ्यांचा प्रश्न मिटवला. प्रश्न बराच हलका झाला हे खरे. सर्ट्रालीन किंवा एस्सिटालोप्राम यांचा धोतऱ्यासारखा परिणाम फार कमी असतो, आणि वृद्धांत ॲमिट्रिप्टिलीन शक्यतो टाळावे असे १९९१ मध्ये मार्क बीअर्स यांनी सुरू केलेल्या वृद्धांसाठीच्या औषधयादीचे सांगणे आहे. पण नव्या गोळ्यांनीही बाहुली थोडी मोठी होते, डोळे कोरडे पडतात आणि क्वचित कोन बंद होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कोन बंद होण्याची सूचना सर्वच नैराश्यविरोधी औषधांच्या पत्रकांत घातली आहे. २०१० मध्ये कॅनडातल्या क्विबेकच्या नोंदींवरून या गोळ्या घेणाऱ्यांत मोतीबिंदू थोडा अधिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले. तो केवळ सहसंबंध असू शकतो, कारण गोळी घेणारा माणूस डॉक्टरांकडे अधिक जातो आणि त्याचा मोतीबिंदू अधिक लवकर सापडतो, हे लक्षात ठेवून त्यावरून कोणी गोळी सोडू नये. जुनी गोळीही गेलेली नाही. ॲमिट्रिप्टिलीन १९७७ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पहिल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत होते आणि आपल्या राष्ट्रीय यादीतही आहे. ते स्वस्त आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आज ते नैराश्यापेक्षा इतर कारणांसाठीच सर्रास दिले जाते: मधुमेहाने पायांची आग होते म्हणून, डोकेदुखीसाठी, झोप येत नाही म्हणून. घेणाऱ्याला ती नसांची किंवा झोपेची गोळी म्हणून माहीत असते. त्याला 'मानसिक आजाराची औषधे चालू आहेत का' असे विचारले तर तो प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो, आणि मनाच्या केसपेपरवर त्याचे नावही नसते. म्हणून हा प्रश्न मानसोपचार विभागाकडे सोपवून सुटणारा नाही. तो डोळ्यांच्या शिबिरातच विचारावा लागेल.

तिसरा आक्षेप कामाच्या ओझ्याचा. आशाताईंच्या आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या डोक्यावर आधीच इतक्या नोंदी आहेत की आणखी एक रकाना म्हणजे आणखी एक खोटी भरलेली जागा; शिवाय टॉर्चची परीक्षा ढोबळ आहे, तिच्यात कोन चुकीचा अरुंद वाटू शकतो आणि खरा अरुंद सुटूही शकतो. ढोबळ आहेच. तिचे काम निकाल देण्याचे नाही, पुढे कोणाला पाठवायचे ते निवडण्याचे आहे, आणि सावली दिसली म्हणून पाठवलेल्या माणसाचा कोन उघडा निघाला तर नुकसान एका फेरीचे. ओझ्याबद्दल शिबिराचा इतिहासच उत्तर देतो. रक्तदाब आणि साखर हे रकाने आले तेव्हाही ते परक्या विभागाचे काम वाटले असणार. आज त्यांच्याशिवाय शिबिराची कल्पना करता येत नाही, कारण त्यांच्यामुळे शिबिराचे स्वतःचे निकाल सुधारले. गोळ्यांची नोंदही तशीच डोळ्यांच्या फायद्याची आहे. प्रोस्टेटसाठी दिली जाणारी काही औषधे शस्त्रक्रियेच्या वेळी पडदा लुळा करतात, म्हणून चांगले नेत्रशल्यविशारद त्यांची चौकशी आधीपासून करतात. त्याच प्रश्नाला 'झोपेची, नसांची किंवा मनाची कोणती गोळी?' एवढी जोड पुरे आहे.

जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १९.६ लाख होती आणि साठीपुढच्यांचा वाटा वाढतोच आहे. याच वेळी जालन्यात दोन गोष्टी घडत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात जी नवी १० शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाल्याची घोषणा झाली त्यांत जालन्याचे एक आहे, आणि १९५३ मध्ये जे गेले त्याची जागा भरून काढणाऱ्या ३६५ खाटांच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला राज्य सरकारने मान्यता दिली आहे. नव्या संस्थांच्या पद्धती सुरुवातीलाच पडतात. एकदा मनाचा आणि डोळ्याचा विभाग आपापल्या खिडक्या उघडून बसले की त्यांना एकत्र आणायला पुन्हा एक पिढी जाते. म्हणून साठीवरच्या माणसाला नैराश्याची गोळी सुरू करण्याआधी टॉर्चने डोळा पाहणे आणि तो निष्कर्ष त्याच कागदावर लिहिणे, हा नियम मनोरुग्णालयाची इमारत पुरी होण्याआधी ठरला पाहिजे. आणि ज्यांच्या घरात म्हातारी माणसे आहेत त्यांना विनंती अशी: शिबिराला किंवा नेत्रालयात जाताना आधार कार्डाबरोबर चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घाला, झोपेची आणि नसांचीसुद्धा. डोळ्यात बदल वाटला तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका, देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. पण एका डोळ्यात कळ, दिव्याभोवती कडी आणि उलटी असे एकत्र आले तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.